एक कागद कमी

अप्पा जामदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या पलंगाखाली होते. साताऱ्याहून बदली होऊन मी उज्जैनला आले होते. बँकेतल्या एका सहकाऱ्याने फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. ट्रंक उतरवून जिना चढले तर आत लोखंडी पलंगाखालून दोन पाय बाहेर आलेले. मी किंचाळणार एवढ्यात आवाज आला, "घाबरू नका ताई, मी घरमालक. पलंग डुलून राहिला होता. एक कागद कमी होता, आता बरोबर आहे." मग धुळीने माखलेले पन्नाशीचे गृहस्थ सरपटत बाहेर आले. त्यांनी पलंगाचे चारही कोपरे दाबून बघितले, माझ्या हातात किल्ली दिली, आणि दार कुरकुरतंय म्हणून तेल आणायला निघून गेले. या, बसा, पाणी घ्या, काही नाही.

अप्पा कापडगिरणीत मागावरचे फिटर होते. यंत्राचा एखादा भाग केसभर खाली बसला की त्याच्याखाली पातळ पत्रा नाहीतर कागद सरकवतात, त्याला ते पॅकिंग म्हणत. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, एक कागद कमी असलेली आणि एक कागद जास्त असलेली. आमच्या बँकेचे मॅनेजर एकदा घरी येऊन गेले तर म्हणाले, "माणूस बहोत चांगला, पण एक कागद कमी." माझ्या आमटीबद्दलही तेच म्हणाले, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मी तशी तोंडाने तिखट आहे आणि मला शांतता लागते. या घरात ती मिळायची नाही हे मला पहिल्याच रविवारी कळलं, कारण सकाळी सहा वाजता अप्पा गच्चीवरच्या टाकीला ठोकत होते.

गिरणी मी यायच्या वर्षभर आधी बंद पडली होती. भोंगा वाजायचा थांबला, पण अप्पांच्या हातांना ते कुणी कळवलं नव्हतं. पणजोबा म्हणे संस्थानच्या जामदारखान्यात होते, जडजवाहीर सांभाळायचे. अप्पांचा जामदारखाना म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात स्क्रू, स्प्रिंगा, पितळेच्या पातळ पट्ट्या, गिरणीच्या नकाशांचा उरलेला ट्रेसिंग पेपर, आणि कापडातले धागे मोजायचं घडीचं भिंग. तो डबा घेऊन ते घरभर फिरत. मी त्यांना खुर्चीवर सलग पाच मिनिटं बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा ताट फिरवून फिरवून त्याचं बूड बघत.

त्यांच्या बायकोचं, इंदूकाकूंचं उलटं होतं. काकू बसून असत, पण त्यांची मान हलत असे. चाळिशी ओलांडल्यावर सुरू झालेलं दुखणं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बारीक, दिवसभर. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की धोक्याचं काही नाही आणि उपायही काही नाही. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला! त्यांना आमच्या पंगती ठाऊक नव्हत्या.

काकूंनीच मला ते हसत हसत सांगितलं होतं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीचं जेवण होतं. श्रीखंड वाढणाऱ्याला वाटलं, काकू मानेनं नको नको म्हणताहेत. आता आपल्याकडे नको म्हणणाऱ्याला सोडतात का? "अहो लाजता काय काकू, घ्या!" म्हणून त्याने आणखी वाढलं. मान हलतेच आहे, तो वाढतोच आहे, आणि पंगत हसते आहे. मागून मसालेभातवाला आला. त्याला ते नको खरं वाटलं, तो पुढे निघून गेला. काकू श्रीखंडाच्या ढिगाकडे बघत उपाशी उठल्या. मग संक्रांतीचं हळदीकुंकू. लावणाऱ्या बाईचं बोट कपाळावर टेकलं, मान हलली आणि कुंकू भुवईपर्यंत फिस्कटलं. कोणीतरी म्हणालं, "त्यांना नको असेल तर राहू दे ना." इथपर्यंत सांगून काकूंचं हसू संपलं. "त्या दिवसापासून मी कुठे जात नाही गं मीना. तोंडानं मी हो म्हणते, पण लोक मानेचं ऐकतात."

एका दुपारी त्या वर माझ्या खोलीत आल्या. माझ्या भिंतीवर एक मोठा जुना आरसा होता. घराबरोबरच मिळालेला, असं मी समजत होते. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "हा खाली होता. मीच यांना सांगून वर पाठवला." आरशातल्या काकूही नाही नाही करत होत्या. "बारा वर्षं झाली असतील. मला माझा चेहरा थांबलेला दिसलेलाच नाही. वेणी हातानं चाचपून घालते. किती म्हातारी झाले, कशी दिसते, काही पता नाही. एकदा, फक्त एकदा थांबलेला बघायचा आहे. मग काही म्हणणं नाही." जिन्यात अप्पा कठडा पक्का करत होते. त्यांची हातोडी मध्येच थांबली, आणि पुढे ती दिवसभर वाजली नाही.

आता अप्पांच्या हातांना काम मिळालं. आधी त्यांनी काकूंना फ्रीगंजमधल्या एका स्टुडिओत नेलं. तिथे फ्लॅशचा भपकारा उडाला, काकू दचकल्या. फोटोत डोळे विस्फारलेले, ओठ उघडे. "ही तर चोरी करताना पकडलेली बाई आहे," काकू म्हणाल्या. परक्या माणसासमोर आता बसणार नाही, फ्लॅश नको, आणि अंगणात तर मुळीच नाही, सगळी गल्ली तमाशा बघायला येईल. मग अप्पांनी स्वतःचा कॅमेरा काढला.

हा कॅमेरा रशियन होता, सगळा धातूचा, गिरणीतल्या एका इंजिनीअरकडून जुना घेतलेला. त्याच्या बारीक खिडकीतून बघितलं की वस्तू दोन दिसतात. भिंगाची कडी फिरवत त्या एकावर एक आणल्या की नेम बसला. या कॅमेऱ्याची एक गोष्ट अप्पा आल्यागेल्याला सांगत, मी ती निदान सहा वेळा ऐकली होती. गिरणी जोरात असताना खात्यातल्या सगळ्यांचा एक फोटो काढायचा होता. खुर्च्यांवर मॅनेजर आणि साहेब लोक, मागे उभे जॉबर, फिटर, झाडूवाले. भर उन्हात भिंगाचं तोंड, म्हणजे उजेड आत येतो ते भोक, आवळून अप्पांनी नेम साहेबांवर धरला. मोठा करून आणला तर मागच्या रांगेतल्या झाडूवाल्याच्या मिशा एकेक मोजता येताहेत, आणि पुढे मॅनेजरसाहेब धुक्यात! खातं खूश, साहेब लाल. अप्पांनी पंधरा दिवस घरी डोकं लावलं तेव्हा भिंगाची खोड सापडली. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं असेल तर नेम जागच्या जागी, पण तोंड आवळलं की नेम मागे सरकतो. "माणूस सरकतो, ठीक आहे, पोटाचा सवाल असतो. काचेनं कशाला सरकावं?" भिंग खोलून त्यांनी बुडाशी ट्रेसिंग पेपरच्या दोन गोल चकत्या घातल्या. तोंड आवळलेलं असताना नेम बरोबर पुढच्या रांगेवर आला. दुसरा फोटो साहेबांच्या केबिनमध्ये लागला. "जामदारनं लावलेलं पॅकिंग चुकत नाही," इथे गोष्ट संपायची.

काकूंचा फोटो मात्र वेगळ्या तऱ्हेने काढावा लागणार होता. हलती मान पकडायची तर शटर झटकन उघडून मिटायला हवं. घरात उजेड कमी, म्हणजे भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवायला हवं. अप्पा खुशीत होते. "मान आडवी हलते, पुढे-मागे नाही. म्हणजे अंतर कायम. देवानं एवढी मेहरबानी करून ठेवलीय." काकू हिरवं लुगडं नेसल्या, आईची मोत्यांची नथ घातली आणि खिडकीशी स्टुलावर बसल्या. फोटो धुऊन आले. नथीतला एकेक मोती लखलखत होता, त्यावरचा दोरासुद्धा दिसत होता. डोळे, भुवया, कपाळ सगळं पाण्यातून पाहावं तसं.

काकूंनी फोटो उलटा करून ठेवला. "मोती तेवढे थांबले. मी नाही थांबले." त्या आत गेल्या, आणि आतूनच म्हणाल्या, "आता एकदाच बसेन. त्यातही हेच झालं ना, तर परत माझ्याजवळ या कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही."

पुढचे तीन आठवडे त्या घरात कुणाला चैन नव्हतं. अप्पांना फिल्मवर संशय, धुणाऱ्यावर संशय, स्टुलावर संशय. काकूंच्या जागी त्यांनी मला बसवायला सुरुवात केली. बँकेतून आले की, "ताई, दोन मिनिट बसा ना फक्त." दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. मी म्हटलं, "अप्पा, नेम पुढे पडतोय ना? मग जरा पुढे सरकून काढा फोटो. प्रश्न मिटला." ते दुखावल्यासारखे बघत राहिले. "अंदाजानं माग चालत नसतो ताई." माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मग तुमच्या त्या चकत्या काढून बघा. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, स्वतःवरच तेवढा राहिलाय." बोलून गेले आणि वाटलं, फार झालं. अप्पा डबा उचलून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परतले तर खालची खोली ओळखू येईना. इस्त्रीची फळी तिरकी उभी करून तिच्यावर जवळच्या भेरूगढची ठशांनी छापलेली जुनी चादर ताणून बसवली होती, बोटभर अंतरावर बुट्ट्यांच्या ओळीच ओळी. समोर कॅमेरा, पाठ उघडलेली, फिल्मच्या जागी घासून दुधी केलेली काच. अप्पा धागे मोजायचं भिंग त्या काचेला लावून कोणत्या ओळीची बुट्टी साफ दिसते ते बघत होते. नेम धरला होता सहाव्या ओळीवर, खुणेचा लाल धागा तिथे बांधला होता. "बघा तुम्हीच," ते म्हणाले. मी बघितलं. तिसरी ओळ स्वच्छ होती. सहावी विरघळलेली.

अप्पा खुर्चीवर बसले. खरोखरच बसले, हात मांडीवर टाकून. "पॅकिंग माझंच आहे ताई. तोंड आवळलं की बरोबर, म्हणून पूर्ण उघडलं की नेम तीन बोटं पुढे. नथीवर. साहेबाचा चेहरा साफ यावा म्हणून लावलं होतं. इतकी वर्षं हा कॅमेरा त्या मॅनेजरच्या मापाचा होता, आणि मी लोकांना शेखी मिरवून सांगून राहिलो."

"मग काढा की."

"काढलं की इथल्या मराठी मंडळाचे फोटो गेले, ते तोंड आवळूनच काढावे लागतात. स्नेहसंमेलन, गणपती, मुंजी, सगळीकडे पुढची रांग पुन्हा धुक्यात. दोन्हीकडे खरं राहील असं पॅकिंग नसतं. ते मी करून पाहिलंय."

गिरणी गेल्यावर अप्पांना लोक मान देत होते तो या फोटोंमुळे. मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांच्या आधी अप्पांना बोलावणं यायचं, "जामदारसाहेब, या, पुढे या." हे मला माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि मान हलत होती. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. मी काय, अशीच बरी आहे." अप्पा उठले. जिन्यावरून वर गेले, खाली आले, परत वर गेले, परत खाली आले. मग कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन त्यांनी भिंगाची कडी फिरवायला सुरुवात केली.

दोन्ही चकत्या निघाल्या. पिवळ्या पडल्या होत्या. इतक्या वर्षांत कडी झिजली असावी, आता नेम केसभर मागे जायला लागला, सातव्या ओळीकडे. माझ्या पर्समधल्या चॉकलेटची चांदी त्यांनी कात्रीने कापली, नखाने सपाट केली आणि बुडाशी घातली. सहावी ओळ अशी उजळली की बुट्टीत ठसा कुठे दुबार पडलाय तेही दिसावं. "आता हे हलता कामा नये," म्हणत ते माझ्या खोलीत शिरले आणि टेबलावरचं माझं नखं रंगवायचं लाल पॉलिश न विचारता घेऊन आले. कडीवर त्याचा एक थेंब लावला. तो वाळला की कडी पक्की. ती बाटली मला परत मिळाली नाही.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन परतून खिडकीत येतं, ती वेळ अप्पांनी हेरून ठेवली होती. या खेपेला काकूंनी नथ घातली नाही. कॅमेऱ्याला एक सुती धागा बांधला होता. त्याचं टोक काकूंनी डोळ्याच्या कडेला धरायचं, धागा ताठ झाला की अंतर बरोबर, मग सोडून द्यायचा. हलत्या डोक्यावर दोन चित्रं जुळवत बसायला नको, म्हणून ही युक्ती. काकू धागा धरत, सोडत, खिडकीबाहेर बघत. अप्पा कॅमेऱ्यामागे. त्यांचा पाय हलत नव्हता, बोटं वळवळत नव्हती, श्वाससुद्धा बेताने चालला होता. यातही बिघडलं तर ही बाई पुन्हा कधी समोर बसणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. बारा वेळा शटर वाजलं.

फोटो मिळेपर्यंत अप्पा तीनदा दुकानात जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले ते पाकीट घेऊन आले, पण उघडलं नव्हतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. मी काकूंना दिलं.

काकू खिडकीशी गेल्या. बाराही फोटो त्यांनी बघितले आणि एक हातात ठेवला. पापण्या, कपाळावरचं कुंकू, त्याखालची जुनी बारीक खोक, कानाजवळचे पांढरे केस, सगळं होतं. काकूंची मान हलत होती आणि हातातल्या काकू थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, "बाई गं, मी तर आईसारखी दिसायला लागले." नंतर फोटो अप्पांपुढे धरून म्हणाल्या, "हे बघा. इथे मी कुणाला ‘नाही’ म्हणून नाही राहिले."

मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. अप्पांनी फोटो एकदा बघितला, भिंग लावून परत बघितला, आणि "बाहेरचा नळ गळून राहिला आहे" असं म्हणून निघून गेले. नळ गळत नव्हता.

पुढच्या संक्रांतीला काकू माझ्याबरोबर हळदीकुंकवाला आल्या. कुंकू फिस्कटलंच, पण त्यांनी लावणारीचं मनगट धरून ठासून सांगितलं, "मानेकडे नका बघू, तोंडाकडे बघा. अजून लावा." मंडळाच्या फोटोंचं मात्र अप्पा म्हणाले होते तेच झालं. पुढची रांग धूसर, मागची स्वच्छ. अप्पांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. महत्त्वाच्या लोकांना ते सांगू लागले, "साहेब, तुम्ही मागे उभे राहा, मागचे साफ येतात." अध्यक्षांना मागे उभं राहणं मानवलं नाही. पुढच्या वर्षी कुणाचा तरी जावई सगळं आपोआप करणारा नवा कॅमेरा घेऊन आला आणि अप्पांना बोलावणं आलं नाही. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "मंडळ ना? एक कागद कमी." त्या दिवशी त्यांनी माझ्या पंख्याची तिन्ही पाती उतरवून पुन्हा बसवली.

माझी रतलामला बदली झाली तेव्हा अप्पा देवास गेटच्या स्टँडवर पोचवायला आले. माझं सामान चढवलं, माझी सीट हलते का ते बघितलं आणि खिशातून पाना काढला. कंडक्टर ओरडला, "ओ भिया, बस है, आपका घर नहीं!" बस सुटली तरी ते खालून ओरडून सांगत होते की उजव्या बाजूचा बोल्ट ढिला आहे, पुढच्या स्टँडवर सांगा.

चार वर्षांनी काकूंचं पत्र आलं, अप्पा गेले म्हणून. जिन्याच्या पायरीवर बसले होते, हातात पकड होती. मी लगेच निघाले. घर तसंच होतं, फक्त कुठूनही ठोकल्याचा आवाज येत नव्हता. ती शांतता मला सहन होईना. मीच कधी काळी ती मागितली होती.

अप्पांच्या इंदूरच्या भाच्याला कॅमेरा हवा होता. चांगला मुलगा, फोटोंचा नाद असलेला. त्याने भिंग खिडकीशी धरून बघितलं आणि म्हणाला, "मामी, याचं पॅकिंग कुणीतरी छेडलेलं आहे. ही लाल खूण बघ. इंदूरला एक उस्ताद आहे, तो एकदम कंपनीसारखं करून देईल." डब्यात, एका पुडीत, त्या दोन पिवळ्या चकत्या होत्या. भाच्याने त्याही उचलल्या. "हे बघ, निघालेले कागदपण आहेत. परत घालून टाकतो."

काकूंची मान हलत होती. भाच्याने त्याकडे लक्ष दिलं नाही, घरातल्या सगळ्यांनाच त्याची सवय झाली होती. तो पुडी खिशात घालायला लागला. काकू उठल्या, त्यांनी त्याच्या हातातून पुडी घेतली, कॅमेरा घेतला आणि पदराआड धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "याला कुणी हात लावायचा नाही. हा माझ्या मापाचा आहे."